धडधाकट ज्येष्ठांना साधा विषाणू एवढा का भोवतो? जुलाब-उलट्यांविषयी एका सूनबाईंना दिलेले उत्तर

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आपल्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरी राहतात. रक्तदाबाची एक गोळी, आणि गुडघे फारच ठणकले तर एखादी वेदनाशामक गोळी, एवढेच त्यांचे औषध. बाकी जिने चढणे-उतरणे, बाजारहाट, स्वयंपाक सगळे त्या स्वतः करतात. एका लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी रात्री त्यांना उलट्या सुरू झाल्या, पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब झाले, आणि आजाराच्या तिसऱ्या दिवशी त्या असंबद्ध बोलू लागून न्हाणीघराच्या दारात पडल्या. रुग्णालयात रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) ३.४ आणि सोडियम १२४ निघाले. डॉक्टरांनी विषाणूजन्य संसर्ग असल्याचे सांगितले, सलाईन दिले, प्रतिजैविक मात्र दिले नाही. आता त्या घरी आल्या आहेत. साध्या विषाणूने धडधाकट बाईंची एवढी दशा कशी झाली, प्रतिजैविक न देण्यात हयगय झाली का, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या ७८ वर्षांच्या सासऱ्यांच्या बाबतीत काय सांभाळावे, असे आपले तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन्ही त्यातूनच निघतात. या वयात विषाणू स्वतः जेवढे नुकसान करतो, त्यापेक्षा कितीतरी अधिक नुकसान पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, त्याच दोन दिवसांत नेमाने चालू राहिलेल्या गोळ्यांमुळे आणि दुखणे अंगावर काढण्याच्या सवयीमुळे होते. जो मुळातच आजारी असतो त्याच्याकडे घरचे लक्ष ठेवून असतात. ज्यांना कधी काही होत नाही त्यांचे जुलाब मात्र ‘लग्नाचे जेवण बाधले, उद्या बरे वाटेल’ म्हणून सोडून दिले जातात. माझ्याकडे अत्यवस्थ होऊन येणाऱ्या ज्येष्ठांत असे ‘काहीच आजार नसलेले’ लोक नेहमीच असतात.

आपण दिलेला कालक्रम नोरोव्हायरसशी चांगला जुळतो. हा विषाणू पोटात गेल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात, सुरुवात बहुधा अचानक आणि जोरदार उलट्यांनी होते, आणि तरुण माणूस एक ते तीन दिवसांत उठून कामाला लागतो. ज्येष्ठांत हाच आजार अधिक दिवस रेंगाळतो. १९६८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नॉरवॉक गावी एका शाळेत अशी साथ आली होती; तिच्या नमुन्यांतून १९७२ मध्ये हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला, आणि त्या गावावरूनच त्याला नाव मिळाले. संसर्ग होण्यास त्याचे शंभराहूनही कमी कण पुरतात, तर आजारी माणसाच्या चिमूटभर मळात ते अब्जावधी असतात. एकदा होऊन गेला म्हणजे जन्माची सुटका, असेही नाही. प्रतिकारशक्ती काही महिने ते काही वर्षे टिकते आणि विषाणूचे प्रकारही अनेक आहेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार तिथे या एका विषाणूने वर्षाला सुमारे ९०० मृत्यू होतात, आणि त्यांतील बहुतेक ६५ वर्षांवरील माणसांचे असतात.

नोरोव्हायरसखेरीज रोटा, सॅपो, अ‍ॅस्ट्रो आणि अ‍ॅडिनो हे विषाणूही असा आजार करतात. रोटाव्हायरस लहान मुलांचा म्हणून ओळखला जातो, आणि आपल्या राष्ट्रीय लसीकरणात त्याची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. पण नातवंडांचे लंगोट बदलणाऱ्या आजीलाही तो होतो, कारण लहानपणी मिळालेले संरक्षण उतारवयात क्षीण होते. प्रौढांसाठी यांपैकी कशावरही नेहमीच्या वापरात लस उपलब्ध नाही.

लग्नाच्या जेवणात नेमके काय बाधले असेल, हे आता शोधून काढणे शक्य नाही. शिजून गरमागरम वाढलेल्या पदार्थांपेक्षा शिजल्यानंतर हाताळले जाणारे, किंवा शिजवलेच न जाणारे पदार्थ अधिक धोक्याचे असतात: काकडीची कोशिंबीर, चटणी, चिरलेली फळे, बर्फ, आणि ज्या भांड्यात दहा जणांनी पेले बुडवले त्यातले पाणी. २०१८ च्या पावसाळ्यात वडोदरा महानगरपालिकेने पाणीपुरीच्या विक्रीवर बंदी घातली होती, तेव्हापासून आपल्याकडे पोट बिघडले की सगळा दोष गाडीवाल्याला देण्याची पद्धत पडली आहे. वाढपी किंवा आचारी आदल्या दिवशी स्वतः जुलाबांनी आजारी असेल, तर झुंबरांखालच्या मेजवानीतही हा विषाणू तितक्याच सुखाने पसरतो.

आता सासूबाईंच्या शरीराकडे वळू. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे साठ टक्के पाणी असते. वृद्ध स्त्रीत ते पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणजे तेवढेच जुलाब झाले तरी तुटवडा मोठा पडतो. त्यातच उतारवयात तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे शरीर कोरडे पडत असतानाही ‘मला काही नको’ हे उत्तर त्या अगदी प्रामाणिकपणे देतात. लघवी दाट करून पाणी वाचवण्याची मूत्रपिंडांची क्षमताही घटलेली असते. आपण पाठवलेल्या जुन्या अहवालात गेल्या वर्षीचे क्रिएटिनिन १.१ होते आणि ते ‘नॉर्मल’ ठरवले होते. परंतु हा आकडा स्नायूंच्या प्रमाणावरही अवलंबून असतो. ७४ वर्षांच्या स्त्रीत १.१ क्रिएटिनिन असेल, तर प्रचलित सूत्रानुसार मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ५३ मिलिलिटर एवढीच येते, आणि तरुणपणी ती शंभराच्या आसपास असते. रोजच्या जगण्याला ५३ पुरते, म्हणून कुणाला काही जाणवत नाही. पण अडीअडचणीसाठी हाताशी काही शिल्लक उरत नाही.

यावर गोळ्यांचा परिणाम झाला. त्यांची रक्तदाबाची ‘एक गोळी’ आपण दिलेल्या चिठ्ठीनुसार टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची जोडगोळी आहे, म्हणजे औषधे दोन आहेत. एरवी ही उत्तम औषधे आहेत, आणि मीही ती रोज लिहून देतो. पण जुलाबांनी रक्तातले पाणी घटलेले असताना थायाझाइड लघवीवाटे आणखी मीठ-पाणी बाहेर काढते. अशा वेळी मूत्रपिंड गाळणीतला दाब टिकवण्यासाठी गाळणीतून बाहेर जाणारी सूक्ष्म रक्तवाहिनी आवळून धरते. टेल्मिसार्टन नेमके तेच आवळणे सैल करते. तिसरी भर वेदनाशामकाची. अंग मोडून आले म्हणून त्या दोन दिवसांत त्यांनी घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी गाळणीत येणारी वाहिनी आकुंचित करते. आत येणारा रक्तप्रवाह कमी, बाहेर जाणारी वाट मोकळी आणि मुळात रक्ताचे आकारमान घटलेले, असे तिन्ही बाजूंनी झाल्यावर गाळणीतला दाब कोसळतो आणि क्रिएटिनिन दोन दिवसांत १.१ वरून ३.४ वर जाऊ शकते. वैद्यकात हे त्रिकूट चांगलेच बदनाम आहे. घरोघरी मात्र उलटीत गोळी पडली तर ती पुन्हा दिली जाते, कारण ‘प्रेशरची गोळी चुकवायची नाही’ हे आम्हीच वर्षानुवर्षे बजावलेले असते.

सोडियमचा प्रश्न वेगळा, पण त्याच घरातला. जुलाबांतून मीठ जात होते, थायाझाइडने ते आणखी गेले, आणि भरपाई म्हणून त्यांना साधे उकळलेले पाणी आणि शहाळ्याचे पाणी दिले गेले. सोडियम १३५ ते १४५ असावे लागते; ते झपाट्याने १२४ वर उतरले की गुंगी, असंबद्ध बोलणे, तोल जाणे सुरू होते. ‘अशक्तपणाने बरळत आहेत’ असे आपल्याला वाटले त्यामागे बहुधा हे कारण असावे. शहाळ्याच्या पाण्याविषयी आपल्या लोकांची श्रद्धा मोठी आहे, पण त्यात सोडियम अगदी कमी आणि पोटॅशियम भरपूर असते. ज्यांची मूत्रपिंडे मंदावली आहेत आणि जे टेल्मिसार्टन घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. जुलाबांत मी ज्येष्ठांना शहाळे देत नाही.

मग द्यावे काय? जीवनरक्षक क्षारांचे पाणी, म्हणजे ओआरएस. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. विषाणूने आतड्याच्या अस्तराचा काही भाग खरवडला तरी उरलेल्या भागात ही वाट चालूच राहते. १९७१ साली बांगला निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हेच पाणी पाजून मृत्यूंचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांखाली आणले. आजच्या प्रमाणित पुडीत लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. हे प्रमाण बिघडले तर उपयोगही बिघडतो. मोठी पुडी एक लिटरची असते, लहान २०० मिलिलिटरची. पुडीवर वाचून तेवढ्याच पाण्यात ती सगळीच्या सगळी विरघळवावी. मोठ्या पुडीतले दोन चमचे अंदाजाने पेल्यात ढवळून देणे मी अनेक घरांत पाहतो; त्यात क्षार कधी दुप्पट होतात, कधी निम्मे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. खोक्यांतली गोड, फळांच्या चवीची पेये हा त्याला पर्याय नाही. त्यांतल्या जास्त साखरेने जुलाब वाढतात. प्रमाणित सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते बरेच झाले. रात्री-अपरात्री पुडी मिळाली नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

प्रत्येक जुलाबानंतर साधारण एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर हे क्षारांचे पाणी पोटात जायला हवे. उलट्या होत असतील तर पेला तोंडाला लावू नये. दर मिनिटा-दोन मिनिटांनी चमचा-दोन चमचे पाजावेत, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्यासाठी कुणीतरी शेजारी बसून राहावे लागते. हृदय कमकुवत असलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला किती पाजायचे, हे मात्र त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे. पोटाला विश्रांती म्हणून लंघन करू देऊ नये. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, मीठ घातलेली भाताची पेज, पातळ ताक हे उलट्या थांबताच थोडे-थोडे द्यावे. दूध तीन-चार दिवस टाळलेले बरे, कारण ते पचवणारे विकर आतड्याच्या खरवडलेल्या अस्तरातच असते.

प्रतिजैविक न देण्यात हयगय झाली नाही. विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीचा परिणाम होत नाही. आपल्याकडे ‘झाडा-उलटी’ म्हटले की दुकानदार ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची एकत्र गोळी न विचारता हातात ठेवतो, आणि दोन दिवसांत मुळात थांबणारच असलेले जुलाब थांबले की श्रेय त्या गोळीला जाते. ज्येष्ठांत ओफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांनी भ्रम होणे, रक्तातील साखर एकदम खाली-वर जाणे, टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुखावणे किंवा तुटणे असे प्रकार होतात. शिवाय प्रतिजैविकांनंतर आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू माजून मूळच्यापेक्षा वाईट जुलाब लागू शकतात. तांदळाच्या धुवणासारखे लोटच्या लोट जुलाब होत असतील तर पटकीचा संशय घ्यावा लागतो. मळात रक्त-आव असेल, मोठा ताप असेल, तर जिवाणूजन्य आमांश असू शकतो. तेव्हा प्रतिजैविकाला जागा आहे, पण ती जागा डॉक्टरांनी पाहून ठरवायची असते. जुलाब बांधणारी लोपेरामाइडची गोळी रक्त किंवा ताप असताना घेऊच नये. उलट्यांसाठी मेटोक्लोप्रामाइडही या वयात मी टाळतो, कारण त्याने हातपाय कडक होणे, थरथरणे असे त्रास होतात.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे, कारण तिच्यात जीव जातो. ज्येष्ठ माणसाला नुसत्या उलट्या होत असतील आणि जुलाब मुळीच नसतील, तर त्याला पोटाचा संसर्ग समजून घरी ठेवू नये. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असाच उलट्या, घाम आणि पोटाच्या वरच्या भागातली जळजळ घेऊन येतो, मधुमेह्यांत तर छातीत न दुखताही. आतड्याला पीळ किंवा अडथळा असेल तर उलटी हिरवट होते आणि पोट फुगते. नाडी अनियमित असलेल्या रुग्णाला पोटात असह्य दुखत असेल आणि तपासताना पोट मात्र मऊ लागत असेल, तर आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असण्याची शक्यता असते; तिथे काही तासांचा उशीरही महागात पडतो. या सगळ्यांसाठी हृदयाचा आलेख आणि डॉक्टरांचा हात पोटाला लागणे, दोन्ही हवे.

घरी किती वेळ थांबायचे, याची माझी कसोटी लघवी आहे. सहा ते आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा अगदी थोडी, गडद झाली असेल. उठून बसताच भोवळ येत असेल. बोलण्यात फरक पडला असेल. चमच्याने पाजलेलेही राहत नसेल. मळात रक्त किंवा डांबरासारखा काळेपणा असेल. यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर सकाळची वाट न पाहता सयाजी रुग्णालयात किंवा जे जवळ असेल त्या रुग्णालयात न्यावे. त्वचेची चिमूट घेऊन पाहण्याची युक्ती मुलांत चालते; या वयात त्वचा एरवीही सैलच असते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर मिनिटाने असे दोनदा मोजावे. वरचा आकडा वीस किंवा अधिक उतरला तर शरीरात पाण्याची तूट आहे असे समजावे, आणि रुग्णाला एकट्याने न्हाणीघराकडे चालू देऊ नये. या आजारात खुब्याचे हाड मोडून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. रात्री वाटेत दिवा चालू ठेवणे आणि पलंगाजवळ कमोडची खुर्ची आणून ठेवणे यात कसलाही कमीपणा नाही.

घरातल्या इतरांसाठी एवढेच सांभाळा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारसा दाद देत नाही, साबण आणि वाहत्या पाण्यानेच हात धुवावेत. उलटी सांडलेली जागा आधी कागदाने टिपून घ्यावी आणि मग पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट एकास नऊ भाग पाण्यात मिसळून पुसावी. नळ, कडी, फ्लशचे बटण यांसाठी लिटरला वीस मिलिलिटर पुरते. हे द्रावण शौचालय धुण्याच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बरे झाल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मळातून विषाणू बाहेर पडत असतो, म्हणून सासूबाईंनी काही दिवस तरी सगळ्यांसाठी कोशिंबीर करायला बसू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले होते, तसा प्रसंग आला तर आजवा तलावाचे असो की मही नदीचे, नळाचे पाणी खळखळून उकळल्याशिवाय कुणीच पिऊ नये.

सासऱ्यांच्या चिठ्ठीत मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि ग्लिमेपिराइड आहेत. त्यांना असे जुलाब-उलट्या लागल्या आणि खाणे-पिणे तुटले, तर पहिली दोन त्याच दिवसापासून थांबवावी लागतात. पाणी घटलेले असताना मेटफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन लघवीवाटे पाणी घालवते आणि कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) वाढवते. त्यात फसवणूक अशी, की यंत्रावर साखर जवळजवळ बरोबर दिसते आणि रक्त मात्र आम्लयुक्त होत असते. जेवण नसताना ग्लिमेपिराइड घेतली तर साखर धोकादायक उतरते. याच्या उलट, कुणी इन्शुलिन घेत असेल तर ते स्वतःहून पूर्ण बंद करू नये. मात्रा किती ठेवायची ते साखर मोजून, फोनवर विचारून ठरवावे. सासऱ्यांना ओआरएस द्यायला हरकत नाही, लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोजची धास्ती बाळगू नये. पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांकडून ‘आजारपणात या गोळ्या थांबवायच्या’ अशी यादी त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या आणि ती औषधांच्या डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास नीट खाणे-पिणे झाले की त्या गोळ्या पुन्हा सुरू करता येतात.

सासूबाईंची रक्तदाबाची गोळी मात्र रुग्णालयाने थांबवली असेल तर आपणहून सुरू करू नका. घरी आल्यापासून आठवड्याभरात क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम पुन्हा तपासा, तोवर रक्तदाब रोज लिहून ठेवा, आणि ते आकडे पाहून डॉक्टर गोळी तीच ठेवायची की थायाझाइड वगळून द्यायची ते ठरवतील. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक यापुढे नकोच. पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांवर भागवावे.